वय कशाचं मोजायचं?

हॅम्बुर्गच्या ग्रिंडेल भागातल्या बारा पिवळ्या विटांच्या उंच इमारती सामान्य भाडेकरूंसाठी सुरू झाल्याच नव्हत्या. 1946 मध्ये ब्रिटिशांनी जर्मनीतल्या आपल्या ताब्यातल्या विभागाच्या मुख्यालयासाठी हे काम हाती घेतलं. पुढे ब्रिटिश आणि अमेरिकन विभाग एकत्र आले, कारभार फ्रँकफुर्टकडे गेला आणि काम अर्धवट राहिलं. मग शहराने ते उचललं. बर्नहार्ड हेर्मकेस, फ्रिट्झ ट्राउटवाइन आणि इतर वास्तुविशारदांनी 1956 पर्यंत तिथे घरं उभी केली.

अशा इमारतीचा माग काढायचा तर भिस्त ‘बाउआक्टे’वर, म्हणजे बांधकामाच्या सरकारी फाइलवर. ती सहसा मालकाच्या संमतिपत्राशिवाय हाती पडत नाही. नकाशे ए-फोर आकारात दुमडलेले असतात, नाव-तारखेचा कोपरा नेमका वर येईल अशा बेताने. मी घडी उघडायच्या आधी तो कोपराच वाचते: तारीख कुठली, दुरुस्त्या किती. मग रंग बघायचे. जर्मन रिवाजानुसार लाल म्हणजे नवं बांधकाम, पिवळं म्हणजे पाडायचं. तपासनीसाची खूण हिरव्या शाईत. एखाद्या भिंतीवर हिरवी रेघ दिसली की समजावं, मागितलं होतं एक आणि मिळालं दुसरं.

खरी मेख मात्र स्थैर्याच्या हिशेबात असते. तो वाचायला कंटाळवाणा खरा, पण दर चौरस मीटरला किती भार धरला, हे पाहिलं की जागा कशासाठी आखली होती त्याचा अंदाज येतो. कचेरीला आणि राहत्या खोलीला सारखाच भार धरतात असं नाही.

मंजूर नकाशा म्हणजे नुसता मनसुबा. प्रत्यक्षात काय झालं ते कळतं सांगाड्याच्या आणि अंतिम तपासणीच्या दाखल्यांतून. आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्राची ती भावंडं. शेवटी नकाशा घेऊन जिन्यात उभं राहायचं आणि टेपने भिंत मोजायची. कागद आणि भिंत जुळत नसतील तर मी भिंतीच्या बाजूने असते; कुणीतरी नंतर फेरफार केला आणि कागद मागे राहिला, असं बरेचदा निघतं.

त्यामुळे ‘ही इमारत किती जुनी?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते, कशाचं वय हवंय? पायाचं, सांगाड्याचं की पहिल्या भाडेकरूचं? ग्रिंडेलमध्ये तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि पायाचं उत्तर तर हॅम्बुर्गच्या महापालिकेचंही नाही.