रोज एक तुकडी

मे महिन्यात पार्वती नदीच्या काठी, कसोलच्या तळावर, रोज सकाळी टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या दिवशी वर निघालेली तुकडी पाठीवर सॅक चढवून रांगेने चालू लागते आणि मागाहून आलेल्या तुकड्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून तिला निरोप देतात. आज टाळ्या वाजवणाऱ्यांवर उद्या टाळ्या घेण्याची पाळी. तुकड्यांना नावं नसतात, क्रमांक असतात: एसपी-1, एसपी-2, आणि असंच पुढे. एसपी म्हणजे सर पास, हिमाचलच्या कुलू जिल्ह्यातली सुमारे 13,800 फुटांवरची खिंड. मे महिना सरेपर्यंत ती खिंड ओलांडणाऱ्यांत बँकेतले कारकून असतात, इंजिनिअरिंगची पोरं असतात, शाळेच्या बाई असतात, साठी ओलांडलेले काका असतात. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही सभासदांची, नफ्यासाठी न चालणारी संस्था हे सगळं घडवून आणते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत ‘यूथ हॉस्टेलबरोबर जाऊन आलो’ एवढं वाक्य पुरतं, पुढचं काही सांगावं लागत नाही.

या उपक्रमाची रचना मला फार सुरेख वाटते. एरवी ट्रेक म्हटला की एक गट निघतो. तंबू, शिधा, भांडी, आचारी सगळं त्याच्याबरोबर वर चढतं आणि त्याच्याबरोबर खाली उतरतं. इथे तंबू हलतच नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी तंबू लागतात, स्वयंपाकघर उभं राहतं, स्लीपिंग बॅगा आणि ब्लँकेटं पोचतात आणि हंगाम संपेपर्यंत ती तिथेच राहतात. हलतात ती फक्त माणसं. सकाळी एक तुकडी छावणी सोडते, दुपारी खालची तुकडी तिच्या जागी येते. रहाटगाडग्यासारखं एक पोहरा रिकामा होतो तेव्हा दुसरा भरलेला असतो. एका तुकडीत चाळीस-पन्नास जण धरले आणि महिनाभर रोज एक तुकडी धरली, तर तेवढ्याच तंबूंतून आणि तेवढ्याच ब्लँकेटांतून हजारावर माणसं हिमालय पाहून येतात. साधा पगार असलेल्या माणसाला हे परवडतं, त्याचं गणित या साखळीत आहे.

गणिताचं दुसरं अंग म्हणजे बिनपगारी माणसं. त्यांच्याकडे येतोच.

यूथ हॉस्टेलची मूळ कल्पना जर्मनीतली. रिखार्ड शिरमान नावाचा शिक्षक ऑगस्ट 1909 मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळाने गाठलं, तेव्हा एका गावातल्या शाळेत बाकं बाजूला सारून, पेंढा अंथरून त्यांनी रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, त्या पायी फिरणाऱ्या मुलांना निजायला का देऊ नयेत, असं त्याच्या मनाने घेतलं. 1912 साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. पुढे ही चळवळ जगभर गेली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातही रुजली. युरोपात ती मुख्यतः स्वस्त निवाऱ्यांची चळवळ राहिली. आपल्याकडे मात्र तिला डोंगराचे पाय फुटले. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं हॉस्टेल आहेच, पण सामान्य सभासदाला संस्था आठवते ती सर पास, चंद्रखणी, सौरकुंडी या नावांनी.

कसोलला पोचल्यावर लगेच वर सोडत नाहीत. पहिले दिवस तळावरच जातात: पहाटे चहा, मग व्यायाम, शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून जवळपासची चढण, कातळावर दोराने उतरण्याचा सराव. सॅक तिथेच मिळते आणि तीत काय भरायचं यावरून रात्री तंबूतंबूंत वाद रंगतात. ताट, वाटी, मग, चमचा आणि दुपारचा डबा ज्याचा त्याने आणायचा, ज्याचा त्याने धुवायचा. घरी पाण्याचा पेलाही उचलून न ठेवणारा पोरगा बर्फासारख्या पाण्यात स्वतःचं ताट घासताना दिसतो आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, कारण शेजारी त्याच्या वडिलांच्या वयाचा माणूसही तेच करत असतो. दारू-सिगारेटला पूर्ण बंदी. रात्री कॅम्पफायर होतो, पण विस्तवाशिवाय. लाकूड जाळायचं नाही हा नियम. गोल करून बसायचं, गाणी म्हणायची, नकला करायच्या. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकातली माणसं भरपूर, त्यामुळे एका गोलात गरबाही होतो आणि भारूडही. नंतर गरम बोर्नव्हिटा. सर पास करून आलेल्या कुणालाही विचारा, त्या बोर्नव्हिट्याबद्दल तो आपण होऊन बोलेल.

प्रत्येक तुकडी आपल्यातूनच एक पुढारी निवडते. कचरा आणि स्वच्छता पाहणारा एक, रात्रीच्या कार्यक्रमाचा एक. चार दिवसांपूर्वी एकमेकांना न ओळखणारी माणसं एकमेकांची मोजदाद करू लागतात. पुढारी बहुधा चोवीस-पंचवीस वर्षांचा कुणीतरी असतो. चाळीस जणांची जबाबदारी त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच येते आणि तीही अशा ठिकाणी, जिथे मागे राहिलेला एक माणूस विसरून चालत नाही.

पण या यंत्राचा कणा कॅम्प लीडर. ग्रहण गाव, नगारू, बिस्करी अशा एकेका मुक्कामावर बसलेला हा माणूस संस्थेचा नोकर नसतो. कधीतरी तो स्वतः अशाच तुकडीतून गेलेला असतो आणि आता सुट्टी काढून दहा-पंधरा दिवस एकाच डोंगरावर राहायला आलेला असतो. घरच्यांना हे समजावणं सोपं नाही. हिमालयात जाऊन पुढे न जाता एका जागी थांबायचं, रोज नव्या चाळीस जणांचं स्वागत करायचं, सरबत द्यायचं, तंबू दाखवायचे, आचाऱ्याबरोबर शिधा मोजायचा, पाण्याचा पाइप रात्रीत गोठला तर सकाळी मोकळा करायचा, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. पगार नाही. मी अशा काही जणांशी बोललो आहे. त्यातला एकही त्याग वगैरे शब्द वापरत नाही. ‘आपल्या वेळी कुणीतरी थांबलं होतं ना’, एवढंच बोलतात.

त्यांचं सगळ्यात अवघड काम सरबत देण्याचं नव्हे. साधारण आठ हजार फुटांच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्यालासुद्धा. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. लक्षणं वाढली तर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. आणि तेच कुणाला नको असतं. पैसे भरलेले, रजा टाकलेली, घरी-ऑफिसात सांगून झालेलं. मग पोरं डोकेदुखी लपवतात. कॅम्प लीडर संध्याकाळी तंबूतंबूंत डोकावतो, कोण जेवलं नाही ते पाहतो, गप्पांच्या ओघात विचारतो. एखाद्याला सकाळी वर न जाता परत जायला सांगणं, आणि ते त्याला अपमान न वाटेल असं सांगणं, हे कुठल्या पुस्तकात शिकायला मिळत नाही. जो स्वतः कधीतरी त्या तंबूत डोकं धरून पडला होता, त्याला ते जमतं.

हवा बिघडली तर निर्णय आणखी जड होतो. नगारूहून खिंडीकडे निघायचं ते पहाटे, अंधारात. रात्रभरच्या थंडीने बर्फ घट्ट असतो, पाऊल रुतत नाही. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि दुपारनंतर ढग येतात. गावातले वाटाडे पुढे राहून बर्फात पावलांपुरत्या पायऱ्या खोदतात. खिंडीपलीकडे बिस्करीच्या बाजूला बसून घसरत उतरायचं असतं, तिथेही तेच वर आणि खाली उभे. या वाटाड्यांवाचून सगळी रचना कागदावरच राहिली असती. आपल्या प्रवासवर्णनांत त्यांना एखादंच वाक्य मिळतं याचं मला वाईट वाटतं. तर अशा पहाटे वारा सुटलेला असेल आणि तुकडी थांबवली, तर थांबते ती एकच तुकडी नव्हे. तिच्या मागची येऊन पोचणार, तिला जागा हवी, म्हणून तिच्या मागचीही थांबवायला हवी. जी साखळी हा ट्रेक स्वस्त करते, तीच थांबण्याचा निर्णय महाग करते. तरीही थांबायचं म्हणजे थांबायचं, हे म्हणू शकणारा माणूस त्या तंबूत बसलेला हवा.

इतकी माणसं डोंगरावर नेणं बरं का, हा प्रश्न आता टाळता येत नाही. 2018 साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि तिथल्या कितीतरी नावाजलेल्या वाटा बदलल्या. तंबूखालचं गवत महिनाभर उन्हाला मुकतं, शौचाचे खड्डे उताराचं पाणी बिघडवू शकतात. ही तक्रार खरी आहे आणि संख्या मोठी असेल तितकी ती गंभीर. माझं मत असं, की ठरलेल्या जागी, ठरलेल्या संख्येने, बिनविस्तवाचं राहणाऱ्या तुकडीला शिस्त लावता तरी येते. समाजमाध्यमावर जमून शनिवारी रात्री निघणाऱ्या शे-दोनशेंच्या घोळक्याला कोण लावणार? महाराष्ट्र शासनाने 2021 साली साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांना नोंदणीच्या चौकटीत घेतलं, ते या घोळक्यांमुळेच गरजेचं झालं होतं. पण मुक्कामाची जागा काही वर्षं मोकळी सोडणं, तुकड्या कमी करणं, हे संस्थेने आपण होऊन करावं, न्यायालयाची वाट पाहू नये.

हिमालय लांब वाटणाऱ्यांसाठी डिसेंबरात गोव्याचा ट्रेक असतो. किनाऱ्याच्या वाळूवरून सुरुवात, मग दूधसागरचं जंगल, आणि तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर. सह्याद्रीतले कार्यक्रम महाराष्ट्रातली युनिटं चालवतात. तिथे दहावी-बारावीतली मुलं पहिल्यांदा आईवडिलांशिवाय झोपतात. कॅम्प लीडरचं रोप बहुतेक वेळा इथेच लागतं.

आणि तेच रोप आता कमी लागतंय, अशी जुन्या स्वयंसेवकांची काळजी आहे. पैसे देऊन जाणारे पुष्कळ, थांबणारे थोडे. खाजगी नोकरीत सलग पंधरा दिवसांची रजा मिळत नाही, ती जो काढतो तो बायकोमुलांना घेऊन फिरायला काढतो, यात चूक काय? म्हणून नजर महाविद्यालयांकडे वळते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे. वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर तिच्यात धरलेलं आहे. एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलीने दहा दिवस एका छावणीचा शिधा, पाणी, कचरा आणि चाळीस अनोळखी माणसांची तब्येत सांभाळली, तर ते काम त्या 120 तासांत सरळ मोजायला हवं. विद्यापीठांनी आणि संस्थेने एकत्र बसून एवढं ठरवलं, तर पुढच्या मे महिन्यात छावण्यांवर माणसं कमी पडणार नाहीत.