गाडी फियाटची, गिअरबॉक्स निसानचा

दुकानामागच्या आवारात कापडी आच्छादनाखाली प्रीमियर ११८ एनई मोटार जपून ठेवलेली घरे आजही आढळतात. वडिलांच्या उमेदीच्या काळात घेतलेली ती गाडी सणावाराला पुसून बाहेर काढली जाते. मागे घेताना पांढरा दिवा लागत नाही, हे अशाच एखाद्या दिवशी ध्यानात येते. दोष किरकोळ वाटतो. परंतु तिन्हीसांजेला गल्लीत मुले खेळत असताना, चालक गाडी मागे आणीत आहे हे त्यांना सांगणारी खूण म्हणजे तो दिवा होय.

या दिव्याची कळ गिअरबॉक्सच्या कवचात आट्यांनी बसविलेली असते. कारागीर तिला रिव्हर्स स्विच म्हणतात. रिव्हर्स गिअर टाकताच आतील दांडा स्विचचे टोक दाबतो आणि दिव्याचे मंडल पूर्ण होते. दुरुस्तीला आरंभ करताना प्रथम इंजिन बंद ठेवून केवळ इग्निशन चालू करावे व स्विचकडे येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून पाहाव्यात. दिवा लागल्यास दोष स्विचचा. न लागल्यास बल्ब, फ्यूज व वायरिंग तपासावे. एवढी परीक्षा न केल्यामुळे फ्यूज गेलेला असताना स्विच शोधत बाजार पालथा घालणारे काही कमी नाहीत.

दोष स्विचचाच ठरला, की खरी कसोटी लागते. दुकानदार विचारतो, ‘गाडी कोणती?’ मालक सहजपणे ‘फियाट’ असे उत्तर देतो आणि शोध तेथेच वाट चुकतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ साली ही मोटार बाजारात आणली. तिचा सांगाडा फियाट १२४ या इटालियन मोटारीचा होता. त्याचे साचे स्पेनमधील सीट या कंपनीकडून आले होते. इंजिन मात्र निसानचे ए १२, म्हणजे ११७१ सीसीचे होते, आणि गिअरबॉक्सही निसानचाच. साहजिकच रिव्हर्स स्विचचे कूळ इटलीत नव्हे, जपानमध्ये शोधावे लागते. कॉन्टेसा क्लासिकची कथाही अशीच आहे. अंग व्हॉक्सहॉलचे, तर इंजिन व गिअरबॉक्स इसुझुचे. कर्ज देताना दुकानाची पाटी पाहून भागत नाही, खातेवही पाहावी लागते. तसेच येथे बॉनेटवरील नाव सोडून गिअरबॉक्सचा वंश पाहावा लागतो.

वंश जुळला तरी मापे पडताळून पाहणे आवश्यक आहे. पहिली बाब आट्यांची. १४ मिलिमीटर व्यास व १.५ मिलिमीटर पिच हे माप युरोपीय व जपानी गाड्यांत पुष्कळ आढळते, तथापि पिचगेज लावल्यावाचून विश्वास ठेवू नये. कवच ॲल्युमिनियमचे असल्यास बळाने फिरविलेला विजोड स्विच त्याचे आटे कायमचे बिघडवितो. मग शंभरदोनशे रुपयांच्या बचतीपायी संपूर्ण गिअरबॉक्स उतरविण्याची पाळी येते.

दुसरी बाब टोकाच्या लांबीची. टोक आखूड असेल तर दिवा लागतच नाही. लांब असेल तर तो विनाकारण लागून राहतो. फरक अल्प असल्यास योग्य जाडीच्या वॉशरने तो भरून काढता येतो, मात्र तेथून तेल गळता कामा नये.

तिसरी बाब, स्विच दाबल्यावर जोडणारा हवा, तोडणारा नव्हे. काही जपानी गिअरबॉक्सवर न्यूट्रलची स्थिती कळविणारा, अगदी तसाच दिसणारा दुसरा स्विच असतो. म्हणून मीटर लावून खात्री करूनच पैसे द्यावेत.

चौथी बाब भाराची. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर विद्युतप्रवाह घेतात. मिळालेला स्विच तेवढा भार सोसणारा नसेल तर मध्ये रिले बसवावा.

जुना स्विच नमुना म्हणून हाती घेऊन कुर्ल्यातील सीएसटी रोड, पुण्याची नाना पेठ अथवा दिल्लीचे काश्मिरी गेट येथील जुन्या दुकानांत विचारणा करावी. कामाचा नग हाती आला, तर एकाऐवजी दोन घ्यावेत. बसविल्यानंतर थोडे अंतर गाडी चालवून जोडाजवळ तेल पाझरत नाही ना, हे पाहावे आणि गिअरबॉक्समधील तेलाची पातळीही तपासावी.

अखेरची गोष्ट हिशेबाची. आट्यांचे माप, टोकाची लांबी, वॉशरची जाडी आणि जुळलेला स्विच मूळचा कोणत्या गाडीचा, ही नोंद तारखेसह एका चिठ्ठीवर करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. ही गाडी पाहणारे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत. पुढच्या पिढीच्या हाती केवळ किल्ली आली, तर गाडी आवारातच थांबेल. किल्लीबरोबर ती चिठ्ठीही आली, तर ती चालत राहील.