चाळणं आणि हुडकणं

पहाटे ५.१५

निमगाव केतकीत घराला लागूनच आमचा पानमळा आहे. मी उठते तेव्हा वडील पडवीत खुडलेल्या पानांची निवड करत बसलेले असतात. कळी एकीकडे, फापडा एकीकडे. प्रत्येक पान ते उलटून बघत नाहीत. कडेवरून अंगठा फिरतो, बोटाला काही वेगळं लागलं तरच हात थांबतो आणि पान दिव्यापुढे धरलं जातं. मी चहा ठेवते, डबा भरते, आजचे उतारे पिशवीत टाकते. बारामतीतल्या स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेची व्यवस्था माझ्याकडे आहे. जागा वाटून देणं आणि पुस्तकं सांभाळणं हे नेमून दिलेलं काम. मुलांना वाचायला शिकवणं मी माझ्या मनानं अंगावर घेतलं आहे.

६.३०

गळीत हंगाम चालू आहे, त्यामुळे शेळगाव, अंथुर्णे मागे पडेपर्यंत एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जाते. शेजारच्या काकांनी पेपर उघडला. पहिल्या पानावर वरून खाली नजर, दोन मथळे, एक फोटो. मग पानं उलटून थेट बाजारभाव आणि बाजारभावात थेट डाळिंब. पहिलं झालं ते चाळणं, दुसरं हुडकणं. अभ्यासाच्या इंग्रजी पुस्तकांत यांना स्किमिंग आणि स्कॅनिंग म्हणतात. आपल्याकडे दोन्हीला घरचे शब्द आहेत आणि मुलांना ते लगेच कळतात, म्हणून मी तेच वापरते. चाळताना ‘यात आहे तरी काय’ एवढंच बघायचं असतं. हुडकताना काय पाहिजे ते आधी ठरलेलं असतं आणि बाकीचं सगळं सोडून द्यायचं असतं.

पेपर वाचणाऱ्या कुणालाही हे दोन्ही येतं. मग तोच माणूस अभ्यासाचं पुस्तक हाती आलं की पहिल्या पानापासून ओळ न् ओळ हायलायटरनं रंगवत का सुटतो? माझ्या मते भीतीनं. काही सुटलं आणि नेमकं तेच विचारलं तर?

लासुर्ण्याला एक मुलगी चढते. तिसरा अटेम्प्ट. आज ती गप्प आहे. भवानीनगर गेलं, काटेवाडी गेली, तेव्हा म्हणाली, “ताई, आर्थिक पाहणी तीनदा सुरू केली. तिन्ही वेळा दुसऱ्या प्रकरणातच अडकले.”

८.००

कुलूप उघडते, खिडक्या उघडते. अर्ध्या तासात सगळ्या खुर्च्या भरतात. लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेला १०० प्रश्न आणि एक तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅट या पेपरला ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे दीड मिनिट. पण त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न उताऱ्यांवरचे, आणि उतारा वाचायचा वेळ त्यातूनच काढायचा. सीसॅट आता फक्त पात्रतेपुरती आहे, ३३ टक्के मिळाले की झालं. तरी तिथेच अडकलेली मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत.

९.००

लासुर्ण्याच्या मुलीला पाहणी घेऊन समोर बसवलं. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ती काढतं. जाडजूड, आकड्यांनी खच्चून भरलेली. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हटलं, वीस मिनिटं खुणा करायच्या नाहीत, फक्त पानं उलटायची. आधी अनुक्रमणिका. मग सुरुवातीला राज्याचे मुख्य आकडे एकत्र दिलेले असतात, ते. मग प्रत्येक प्रकरणाचे मथळे, उपमथळे, तक्त्यांची नावं. मजकुरातला एकही परिच्छेद पुरा वाचायचा नाही. तिला हे फार जड गेलं. दर दोन मिनिटांनी नजर एखाद्या परिच्छेदात अडकायची आणि मी पान उलटायची.

वीस मिनिटांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “सिंचन कुठे आहे?”

“शेतीच्या जवळपास. तक्ते शेवटी आहेत.”

“मग आता ‘कालवा’ हुडक.”

तिनं शोधलं आणि म्हणाली, नाही सापडत. पान बरोबर होतं. त्या पानावर ‘कालव्यांची’ होतं, ‘कालव्याखालील’ होतं. नुसता ‘कालवा’ कुठेच नव्हता. मराठीत हुडकायचं तर सामान्यरूप डोळ्यासमोर हवं. पुणे हुडकायला निघालो तर ‘पुण्यात’ भेटतं. इंदापूर हुडकताना ‘इंदापुरात’ येतं आणि दीर्घ पू ऱ्हस्व होऊन बसलेला असतो. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, ते पानातून उठून दिसतं. देवनागरीत सगळी अक्षरं एका उंचीची, एकाच शिरोरेषेला टांगलेली, म्हणून नाव मजकुरात मिसळून जातं. आपल्याला खुणा दुसऱ्या धराव्या लागतात. आकडे चटकन दिसतात. आद्याक्षरांपुढची टिंबं दिसतात, म्हणजे तिथे माणसाचं नाव आहे. अवतरणचिन्हं दिसतात. ‘ऑ’ आणि ‘ॲ’ची चंद्रकोर दिसते, म्हणजे इंग्रजी शब्द आहे. आणि शब्दाची सुरुवातच तेवढी धरायची, पुढचं शेपूट विभक्तीप्रमाणे बदलणारच. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. मुलांच्या शेजारी बसून, त्यांची नजर कुठे घसरते ते बघत बघत कळलं.

११.००

पुस्तकं परत घेणं, फाटलेली चिकटवणं, दोन नवे प्रवेश. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यासाची पाच पायऱ्यांची रीत मांडली. आधी चाळा, मग स्वतःला प्रश्न विचारा, मग वाचा, न बघता सांगा, शेवटी परत पाहा. ती एका कागदावर लिहून मी दाराशी लावली आहे. नवी मुलं तो कागद उभ्यानं वाचतात, जुन्यांना तो दिसेनासा झालाय. महिन्यातून एकदा मी त्याची जागा बदलते.

१२.००

उताऱ्याचा तास. आजचा उतारा मीच लिहिला, नीरा डाव्या कालव्यावर. १८८५ साली त्याला पाणी सुटलं, आणि आज इथे बसलेल्या निम्म्या मुलांचं घर त्या पाण्यावर उभं आहे. मधल्या परिच्छेदात मी एक वाक्य मुद्दाम ठेवलं होतं:

‘कालव्यानं या भागावरचं दुष्काळाचं सावट दूर केलं, प्रत्येक शेतकऱ्याच्या पदरात हमखास पीक टाकलं आणि त्याला सावकाराच्या दारातून कायमचं सोडवलं, असं म्हणता येत नाही.’

प्रश्न होता, लेखकाच्या मते कालव्यामुळे काय झालं? बत्तीस जणांपैकी एकोणीस जणांनी ‘शेतकरी सावकारीतून मुक्त झाला’ या पर्यायाला खूण केली. त्यात तयारी चांगली असलेली मुलंही होती. एक मुलगा उठून म्हणाला, “ताई, मी हे वाक्य वाचलंय. ‘नाही’ दिसलंच नाही.”

त्याचं खरं आहे. त्यानं चाळण्याचा सराव इंग्रजी पुस्तकावरून केला होता. तिथे सांगितलेलं असतं की वाक्याच्या सुरुवातीकडे बघा, कर्ता आणि क्रियापद पकडा, पुढचं सोडा. इंग्रजीत नकार वाक्यात लवकर येतो, म्हणून तिथे हे चालून जातं. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. निम्म्यावर वाक्य सोडणाऱ्याच्या हाती नेमका उलटा अर्थ लागतो. त्यात आयोगाचा प्रश्नही ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही’ असा असतो, म्हणजे शेपूट तिथेही बघावं लागतं.

मग तोच उतारा पुन्हा घेतला. या वेळी नियम एकच होता. वेगानं जायचं, पण प्रत्येक पूर्णविरामाच्या आधीचे दोन शब्द नजरेखालून गेल्याशिवाय पुढच्या वाक्यात पाय टाकायचा नाही. वाक्याचं पोट सोडलं तरी चालेल, शेपूट सोडायचं नाही. आणि ‘मात्र’, ‘तथापि’, ‘वगळता’, ‘खेरीज’ हे शब्द आले की थांबायचं, पानाच्या कडेवर अंगठा अडल्यासारखं. हे बोलताना वडिलांचे हात माझ्या डोळ्यांपुढे होते. मुलांना त्याचा उलगडा झाला नसावा. वेळ पहिल्यापेक्षा जेमतेम अर्धा मिनिट जास्त लागला. चूक चौघांचीच झाली.

१.३०

डबा.

२.१५

लासुर्ण्याच्या मुलीचे वडील आले. बारामतीतलं काम उरकून लेकीला भेटायला. खिशात सातबारा. मला म्हणाले, “मॅडम, जरा बघता का, सोसायटीचा बोजा उतरलाय का ते.” मी कागद हातात घेऊन वरून वाचायला लागले, तोवर त्यांनीच बोट ठेवलं. गट क्रमांक, आपलं नाव, क्षेत्र, आणि तिथून सरळ इतर हक्कांच्या रकान्यात. पाच सेकंदही लागले नसतील. बोजा अजून होताच. फेरफाराचा नंबरही त्यांनी तिथल्या तिथे सांगितला.

मुलगी बघत होती. मी तिला विचारलं, बाबांनी कागद वाचला का? ती म्हणाली, नाही, त्यांना माहितीये कुठे काय असतं. मग तिनं स्वतःहून पाहणी उघडली आणि शेवटचे तक्ते काढले. काकांनी चहा घेतला. बोज्याचं कसं करायचं यावर आम्ही थोडा वेळ बोललो. सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे द्यावा लागेल, म्हणजे त्यांचा आणखी एक दिवस जाणार. ते जायला निघाले तेव्हा मुलीचं डोकं तक्त्यात होतं. त्यांनीही तिला हाक मारली नाही.

३.३०

एक मुलगा मोबाइलवर जाहिरात दाखवायला आला. महिनाभरात वाचनाचा वेग चौपट. “लावू का, ताई?”

मी त्याला खाली बसवलं. असाच एक क्लास मी परीक्षा देत होते तेव्हा लावला होता. फी वडिलांनी पानांच्या पैशातून भरली होती. ओळीखालून बोट पळवायचं, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही, अख्खं पान एका नजरेत घ्यायचं, असं तिथे शिकवत. पानं भराभर उलटली जायची. संध्याकाळी काय वाचलं ते सांगता यायचं नाही. त्या वर्षी मी उताऱ्यांत गेले, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण मला जे विकलं गेलं ते डोळ्याला जमण्यासारखंच नव्हतं. फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांनी १८७९ च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारत जातो. दोन उड्यांमध्ये तो साधारण पाव सेकंद थांबतो आणि वाचन होतं ते त्या थांब्यात. स्पष्ट दिसतात ती थांब्याच्या आसपासची थोडकी अक्षरं, अख्खं पान कधीच नाही. वाचनावर आयुष्यभर संशोधन केलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांचा आढावा २०१६ मध्ये छापून आला, त्यातही हेच निघालं. वेग वाढवला की समज घटते. चाळणं उपयोगाचं आहे, पण ते चाळणंच असतं, त्याला वाचन म्हणून विकू नये.

मुलगा म्हणाला, “मग वेग वाढतच नाही?”

वाढतो. ज्या विषयातलं आधी सावकाश वाचलेलं असतं, त्या विषयात वाढतो. काकांचा सातबाऱ्यात आहे, वडिलांचा पानात आहे. राज्यघटना एकदा नीट, शब्दाशब्दाला थांबून वाच, मग त्यावरचं पुढचं पुस्तक तुझ्या हातून आपोआप भराभर उलटेल. त्यानं जाहिरात बंद केली. लावणार नाही असं काही तो म्हणाला नाही.

५.३०

परतीच्या गाडीत गर्दी. उभं राहून वाचता येत नाही, उद्याचा उतारा मनात जुळवते.

रात्री ९.००

जेवणं झाली की मी मोरोपंत काढते. पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीत राहिला, पुराण सांगत राहिला आणि १७९४ साली इथेच गेला. अख्खं महाभारत त्यानं आर्या वृत्तात आणलं. ज्या गावात मी दिवसभर मुलांना चाळायला शिकवते, त्याच गावात बसून त्यानं असं लिहिलं की ते चाळताच येत नाही. कर्ता एका टोकाला, विशेषण दुसऱ्या, क्रियापद कुठेतरी समासांच्या मागे. मोठ्यानं म्हणायचं, शब्द सुटे करायचे, अन्वय लावायचा. रोज वीस मिनिटं, एक आर्या, कधी दोन. दिवसभर उड्या मारलेल्या नजरेला ही वीस मिनिटं हवीच असतात, नाहीतर महिनाभरात मला कुठलंच वाक्य पुरं वाचवत नाही, हे मी अनुभवलं आहे.

आज एकाच आर्येवर अडले. पहिला अर्ध लागला, दुसऱ्यात दोन शब्द क्रियापद वाटतायत आणि त्यातलं एकच असणार. दहाला शेतीची लाइट आली. वडील बॅटरी घेऊन मोटर चालू करायला मळ्यात गेले. मी पुन्हा पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं.