ओव्हरक्लॉकिंगसाठी इंटेल की एएमडी? आधी मदरबोर्डचं नाव वाचा

पहिला पीसी बांधायचा ठरला की प्रश्न ठरलेलाच असतो: इंटेल की एएमडी? यूट्यूबवर दोन-चार व्हिडिओ बघून झाले की त्याला शेपूट जोडलं जातं, "पण यातला जास्त ओव्हरक्लॉक कोणता होतो?" आणि इथेच बरेच जण नको त्या ठिकाणी पैसे अडकवून बसतात. म्हणून आज जरा निवांत समजून घेऊया.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवणं. याचा एक नमुना कदाचित तुमच्या खिशातच असेल. गॅलॅक्सी एस२३ फोनमध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन २ ची 'फॉर गॅलॅक्सी' आवृत्ती आहे. साधी चिप ३.२ गिगाहर्ट्झवर चालते, ही ३.३६ वर. म्हणजे ५ टक्के जास्त, आणि तेही कंपनीनेच करून दिलेलं. डेस्कटॉपवर हे काम तुम्ही स्वतः बायोसमध्ये जाऊन करता.

हिशोब सोपा आहे. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं. मल्टिप्लायर ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ, ५२ केला की ५.२. पण वेग वाढवला की चिप अडखळू नये म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर वीज जवळपास २७ टक्के जास्त लागते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

आता पूर्वीसारखा फायदा का होत नाही?

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा थेट ४५०! कितीतरी महागड्या पेंटियमच्या तोडीचा वेग, फुकटात. २०११ चा कोअर आय५-२५००के सुद्धा असाच लाडका होता, ३.३ गिगाहर्ट्झची चिप चांगला कूलर लावून ४.५ पर्यंत सहज जायची.

आज तसं राहिलं नाही. कोअर आय५-१४६००के खोक्यातून काढल्याबरोबर टर्बोमध्ये ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे कंपन्यांनी ऊस चरकातून आधीच दोनदा काढलाय, आपल्या हातात चिपाड येतं. अजून पिळलं तर काही टक्के मिळतात, आणि गेममध्ये तेही ग्राफिक्स कार्ड मागे पडत नसेल तरच दिसतात. ६० एफपीएसचे ६३ झाले तर डोळ्यांना कळणार नाही. मग ओव्हरक्लॉकिंग सोडून द्यायचं का? नाही, पण कोणत्या मार्गाने करायचं ते बदललंय, आणि निवडही त्यानुसार बदलते.

कुलूप कोणाकडे, किल्ली कोणाकडे

इंटेलचा नियम कडक आहे. नावाच्या शेवटी 'के' असलेली चिप हवी आणि मदरबोर्डही झेड मालिकेचा हवा: १२ व्या ते १४ व्या पिढीसाठी झेड६९० किंवा झेड७९०, कोअर अल्ट्रा २०० साठी झेड८९०. बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. दुकानात 'के' चिप आणि बी७६० बोर्ड अशी जोडी सर्रास गळ्यात मारली जाते. 'के'चा मूळ वेग थोडा जास्त असतो, त्यामुळे पैसे अगदीच पाण्यात जात नाहीत. पण ओव्हरक्लॉकिंगसाठी घेत असाल तर तो व्यवहार फसलेलाच समजा.

एएमडीकडे दार बरंच उघडं आहे. एएम५ सॉकेटवरचे जवळपास सगळे रायझेन अनलॉक असतात, आणि बी६५० किंवा बी८५० सारखा मधल्या किमतीचा बोर्डही चालतो. ए६२० आणि बी८४० मात्र टाळा, त्यांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी८५० आणि बी८४० ही नावं इतकी सारखी आहेत की बिल करताना बोट ठेवून वाचा. चिपमध्येही एक अपवाद आहे. ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर लॉक आहे, कारण त्यात जास्तीची कॅशे कोअरच्या वर बसवलेली असते आणि उष्णता अडकते. ९८००एक्स३डी मध्ये तीच कॅशे खाली नेली आणि चिप पूर्ण अनलॉक केली.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. रायझेन ५ ७६०० आणि ७६००एक्स. दोन्ही ६ कोअरचे, आतून एकच वाण. ७६०० ला ८८ वॅटची मर्यादा आणि ५.१ गिगाहर्ट्झ बूस्ट, ७६००एक्स ला १४२ वॅट आणि ५.३. वर ७६०० सोबत कूलर खोक्यातच मिळतो, एक्स सोबत नाही. बायोसमध्ये पीबीओ, म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, चालू करून ७६०० ची मर्यादा वाढवली की तो ७६००एक्स च्या अगदी जवळ जातो. चरकातून न काढलेला ऊस आजही इथे थोडा शिल्लक आहे.

पीबीओसोबत कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, आणि खरी मजा त्यात आहे. तो व्होल्टेज वाढवत नाही, कमी करतो. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते, त्यामुळे कंपनी सगळ्यांना सुरक्षित म्हणून जरा जास्तच व्होल्टेज देते. तुम्ही उणे १०, मग उणे १५ असं हळूहळू खाली जायचं. व्होल्टेज कमी, उष्णता कमी, आणि चिपला जागा मिळाली की ती स्वतःच जास्त वेळ वरच्या वेगावर टिकते. गेम खेळताना फोन तापला की एफपीएस कसे पडतात ते तुम्हाला माहीत आहेच. हे त्याच्या बरोबर उलटं.

आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. कूलर हवेनेच थंड करतो. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली तर चिपही साधारण तेवढीच, १५ अंशांनी वर सरकते. परदेशी व्हिडिओतलं सेटिंग नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात एसीशिवाय चालेलच असं नाही. बघा, पटतंय का!

व्होल्टेजच्या बाबतीत दोघांनीही चटके खाल्लेत

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिप जास्त व्होल्टेजमुळे खराब होऊ लागल्या. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेली चिप अपडेटने बरी होत नाही, म्हणून या पिढ्यांचा सेकंडहँड आय७ किंवा आय९ स्वस्तात मिळाला तरी दहादा विचार करा. एएमडीकडे २०२३ मध्ये काही रायझेन ७००० एक्स३डी चिप जळाल्या, मग एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. दोन्हीकडे नवा बायोस टाकणं हे पहिलं काम. आणि हो, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

याला एक चांगला अपवाद आहे. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा २०० च्या 'के' चिपसाठी '२००एस बूस्ट' आणला: झेड८९० बोर्डावर एक पर्याय निवडायचा, चिपच्या आतल्या जोडण्या आणि रॅम वेगवान होतात, आणि वॉरंटी शाबूत राहते.

मग घ्यायचं काय? बजेट मोजकं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एक्स नसलेला रायझेन, बी६५० किंवा बी८५० बोर्ड, पीबीओ, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. शिवाय एएम५ ला एएमडीने किमान २०२७ पर्यंत पाठिंबा जाहीर केलाय, म्हणजे बोर्ड तोच ठेवून पुढे चिप बदलता येईल. ज्यांना आकड्यांशी खेळायचीच हौस आहे, प्रत्येक कोअरचा वेग वेगळा ठेवून बघायचाय, त्यांना कोअर अल्ट्रा ५ २४५के किंवा ७ २६५के आणि झेड८९० जास्त आवडेल. तिथे फिरवायला बटणं खूप आहेत. फक्त गेमिंग आणि खिसा जड? मग ९८००एक्स३डी घ्या आणि मल्टिप्लायरला हात न लावता खेळा.

कोणताही घेतला तरी आधी रॅम तपासा. डीडीआर५-६००० लिहिलेली रॅम बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू केल्याशिवाय बहुतेक वेळा ४८०० वर चालते, आणि कित्येकांच्या पीसीत ती वर्षानुवर्षं तशीच राहते. त्यानंतर प्रोसेसरकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदला, सिनेबेंच चालवा, मग तासभर नेहमीचा गेम खेळा, आणि पीसी नुसता रिकामाही चालू ठेवून बघा. कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त खाली नेला असेल तर पीसी लोडमध्ये ठीक चालतो आणि रिकामा असताना अचानक रीस्टार्ट होतो. तसं झालं तर ५ आकडे मागे या.