विश्लेषण : प्राणिसंग्रहालयातील ‘निसर्गशिक्षक’ नेमके काय शिकवतात? वाघ पिंजऱ्यात का, या प्रश्नाचे उत्तर काय?

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांसाठी शिबिरांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. पोहणे, चित्रकला, रोबोटिक्स आणि आता प्राणिसंग्रहालयातील निसर्ग शिबिरही. म्हैसूरच्या १८९२ साली स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयाचे उन्हाळी शिबिर तर अनेक वर्षांपासून प्रसिद्ध आहे. पण या शिबिरांत मुलांसमोर उभा राहणारा निसर्गशिक्षक नेमके काय करतो?

हा गाइड असतो का?

नाही. गाइड माहिती सांगतो, तर निसर्गशिक्षक मुलांना बघायला लावतो. मुंबईच्या राणीच्या बागेतील हम्बोल्ट पेंग्विनचे उदाहरण घ्या. काचेपुढे मुलांचा ठरलेला प्रश्न, ‘‘बर्फ कुठे आहे?’’ हा पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, त्याला बर्फ लागत नाही. त्याच्या कक्षातील तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवले जाते. हे सरळ सांगून टाकण्याऐवजी शिक्षक आधी नकाशा उघडतो. उत्तर मुलांनाच सापडले, तर ते लक्षात राहते.

दिवस कसा असतो?

सकाळी लवकर सुरू होतो, कारण ऊन चढले की वाघ-बिबटे सावली धरून झोपतात. त्याआधी पक्षी आणि झाडे पाहायची. राणीच्या बागेत पिंजऱ्यांइतकीच जुनी झाडेही बघण्यासारखी आहेत. मग पायाच्या ठशांचे प्लास्टर साचे, पिसे, सापाची कात. प्रत्येक वेळी जागा बदलली की मुले मोजायची. पाणी, टोपी, प्रथमोपचार पेटी हेही याच कामात आले.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे आणि कचरा टाकणे या सगळ्याला मनाई आहे. त्यामुळे ‘एक वेफर दिले तर काय होते?’ याचे उत्तर शिक्षकाकडे तयार असावे लागते. याच कायद्यामुळे घरी भारतीय पोपट किंवा तारा कासव पाळता येत नाही. हे कळल्यावर एखादे मूल हळूच म्हणते, ‘‘आमच्या आजीकडे पोपट आहे.’’ तेव्हा आजीला गुन्हेगार न ठरवता मुलाला नियम समजावून सांगावा लागतो.

गैरसमज कोणते?

सर्वात जास्त सापांबद्दल. साप दूध पितो, पुंगीवर डुलतो, डूख धरतो. सापाला बाहेरचा कान नसतो, तो पुंगीच्या हालचालीकडे लक्ष ठेवून असतो. दूध हे त्याचे अन्न नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ओळखता आले आणि साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठायचे एवढे पक्के झाले, तरी शिबिराचे पैसे वसूल. हे ज्ञान जीव वाचवू शकते.

सर्वात अवघड प्रश्न कोणता?

‘‘वाघ सारखा इकडून तिकडे का फिरतो?’’ एकाच वाटेवर सतत येरझाऱ्या घालणे हे बंदिस्त प्राण्यांत दिसणारे ताणाचे किंवा कंटाळ्याचे लक्षण असू शकते. ‘तो व्यायाम करतोय’ असे सांगणे सोपे आहे, पण खोटे आहे. चांगला शिक्षक ते मान्य करतो आणि पुढे ‘एन्रिचमेंट’ समजावतो. अन्न थेट न देता ओंडक्यात किंवा खोक्यात लपवायचे, नवे वास ठेवायचे, म्हणजे प्राण्याला शोधाशोध करावी लागते. काही शिबिरांत मुले पुठ्ठा आणि गवतापासून अशी खोकी स्वतः बनवतात.

मग दुसरा प्रश्न, ‘‘सोडूनच का देत नाही?’’ पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला शिकार शिकवायला आई नसते आणि त्याला माणसाची भीतीही नसते. दुसरीकडे, दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले रेड पांडा सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आले आहेत. दोन्ही बाजू सांगायच्या, निष्कर्ष मुलांवर सोडायचा.

या कामात यायचे कसे?

प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी उपयोगी पडते. पण वाट एकच नाही. योग शिकायला अमेरिकेतून म्हैसूरला आलेल्या सॅली वॉकर तिथल्या प्राणिसंग्रहालयात रमल्या आणि पुढे १९८५ मध्ये त्यांनी झू आउटरीच ऑर्गनायझेशन उभी केली. मुंबईत १८८३ पासून काम करणाऱ्या ‘बीएनएचएस’चे पक्षिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. सुरुवात बहुतेकदा स्वयंसेवक म्हणूनच होते.

अडचण काय?

शिबिरे सुट्टीत असतात, म्हणून कामही हंगामी. दिवाळी आणि मे महिना सोडला तर उरलेल्या वर्षाचे काय, हा प्रश्न शिक्षकाचा त्यालाच सोडवावा लागतो. अनुभव जमेपर्यंत अनेक जण दुसरी नोकरी पकडतात आणि पुढच्या मेमध्ये नवा चेहरा उभा राहतो.

त्यामुळे मुलाचे नाव नोंदवताना पालकांनी फी आणि नाश्ता विचारावाच, पण आणखी दोन प्रश्नही विचारावेत. शिकवणार कोण? आणि किती मुलांमागे एक शिक्षक? प्राणी हातात देऊन फोटो काढण्याचे आमिष कुठे दिसले, तर ते शिबिर टाळलेलेच बरे.