पान ओढा, बाण काढा!

अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर गेलात, तर पायऱ्या चढायची घाई करू नका. आधी पायथ्याच्या मुरमाड जागेत नजर फिरवा. गुडघ्याएवढं झुडूप, बारीक बारीक पानं आणि फांद्यांच्या टोकाला जांभळट-गुलाबी फुलांचे तुरे. दिसलं? नसेल, तर मोसंबीच्या बागेचा बांध बघा, पडीक माळ बघा, रस्त्याची कड बघा. कोरडी जमीन असली की हिचं बस्तान बसलंच! हिचं नाव उन्हाळी. वैद्य हिला शरपुंखा म्हणतात आणि शास्त्रज्ञ टेफ्रोसिया पर्प्युरिया.

आता गंमत करू. हिच्या पानात छोट्या छोट्या पर्णिका असतात. मोजून बघा, बहुतेक वेळा विषमच भरतील. दोन्हीकडे जोड्या आणि शेंड्याला एकटी! त्यातली एक पर्णिका तोडा. दोन टोकं दोन चिमटींत धरा आणि हळूच ओढा. टक्! पान आडवं सरळ तुटलंच नाही. एका तुकड्याला बाणाचं टोक आलं, दुसऱ्याला तशीच खाच पडली. दुसरी पर्णिका घ्या, तेच होईल.

असं का? पर्णिका उजेडात धरा. मधल्या शिरेतून बारीक शिरा निघतात, तिरप्या, दाट आणि एकमेकींना समांतर. शिरा चिवट, त्यांच्यामधला भाग मऊ. पान मऊ वाटेनं फाटतं आणि ती वाटच तिरकी आहे!

मग मुरमाड जमिनीत हिचं पोट भरतं कसं? खोल जाणारं सोटमूळ ओल शोधतं. मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू त्याचं खत करून देतात आणि उन्हाळी त्यांना साखर पुरवते. म्हणून तर काही शेतकरी तिला हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडतात. मोठ्यांना विचारून एखादं रोप उपटा आणि गाठ फोडा. आतून गुलाबी निघाली, तर कारखाना चालू आहे!

पण पान तोंडात घालायचं नाही हं! उन्हाळीत टेफ्रोसिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं मासे गुंगतात. पूर्वी मासे धरायला काही ठिकाणी हिचा पाला कुटून पाण्यात टाकत.

एक काम देऊ? उन्हाळीचं फूल नीट बघा. वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. आता शेतातल्या तुरीचं फूल बघा, मग हरभऱ्याचं. तिघांच्या शेंगाही बघा. ही मंडळी एकाच घराण्यातली, हे सांगायला आता पुस्तक लागेल का?