पाळीव पक्ष्याला सोबत शॉवरखाली नेणं कितपत सुरक्षित? बाथरूममध्ये कोणती काळजी घ्यायची?

बाथरूममध्ये शॉवर सुरू आहे, मालकाच्या खांद्यावर कॉकाटील बसलाय, पंख पसरून पाण्याचे थेंब अंगावर घेतोय आणि मागे एखादं ट्रेंडिंग गाणं वाजतंय. असा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये आला असेल. खाली कमेंटमध्ये हमखास दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, ‘किती गोड!’ दुसरा म्हणतो, ‘बिचाऱ्याला सर्दी होईल, हा छळ आहे.’

यातलं खरं काय?

थोडक्यात सांगायचं तर बहुतेक पाळीव पक्ष्यांना पाणी आवडतं आणि पिसांच्या आरोग्यासाठी ते लागतंही. खरा धोका असतो तो बाथरूममधल्या इतर गोष्टींचा. गॅस गिझर, फिनाईल, शाम्पू, डिओडरंट, भरलेली बादली आणि बाहेर आल्यावर गरगरणारा पंखा. या गोष्टी रीलमध्ये दिसत नाहीत.

पक्षी आंघोळ का करतात?

पक्ष्याचं उडणं, ऊब टिकवणं आणि पावसापासून बचाव करणं हे सगळं पिसांवर अवलंबून असतं. म्हणून पक्षी दिवसातला बराच वेळ चोचीने एकेक पीस साफ करण्यात घालवतात. अनेक पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. तिथलं तेल चोचीने घेऊन ते पिसांना लावतात. पाण्यामुळे पिसांतली धूळ निघते, पिसं मऊ होतात आणि हे काम सोपं होतं. जुनी पिसं गळून नवी येत असतात, तेव्हा अंगाला खाज सुटते. त्या दिवसांत आंघोळीने पक्ष्याला आराम मिळतो.

कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे या पक्ष्यांच्या अंगावर पांढरी भुकटी तयार होत असते. पिंजऱ्याजवळच्या टेबलावर, टीव्हीवर जो पांढरा थर दिसतो तो याच भुकटीचा. नियमित आंघोळीने ती कमी उडते, त्यामुळे घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर त्यांनाही फायदा होतो.

पण सगळ्या पक्ष्यांची आवड सारखी नसते. आफ्रिकन ग्रे आणि मकाव हे मूळचे पावसाळी जंगलातले. अंगावर पाऊस घेणं त्यांच्यासाठी रोजचं. बजरीगर मात्र ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. आपल्याकडे बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तो बऱ्याचदा बजरीगरच असतो. त्याला दवाने भिजलेल्या पानांत अंग घासायला आवडतं. शॉवरची धार त्याला वादळासारखी वाटू शकते.

बाथरूमची हवा पक्ष्याला का बाधते?

याचं उत्तर पक्ष्याच्या श्वसनात आहे. माणसाच्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते, त्याच वाटेने परत जाते. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्यामुळे फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि प्रत्येक श्वासातून जास्त ऑक्सिजन शोषला जातो. उडण्यासाठी ही रचना उत्तम आहे. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच झपाट्याने रक्तात जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींमध्ये विषारी वायूचा इशारा मिळावा म्हणून कॅनरी पक्षी नेले जायचे, ते याचमुळे. १९८६ मध्ये ही पद्धत बंद करायचं ठरलं आणि त्यांच्या जागी यंत्रं आली.

आता तुमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हा मुद्दा नीट वाचा. हवा खेळती नसलेल्या लहान बाथरूममध्ये गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये गिझरच्या या वायूने माणसंही दगावतात. मग तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगरचं काय होईल? गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो सुरू असताना पक्ष्याला तिथे अजिबात नेऊ नका. आणि पक्षी नसला तरीही स्वतःसाठी खिडकी उघडी ठेवा.

दुसरा धोका साफसफाईचा. फिनाईल, ॲसिड, ब्लीच, रूम फ्रेशनर, परफ्यूम, डिओडरंट, हेअर स्प्रे या सगळ्यांचा वास पक्ष्याच्या श्वसनमार्गाला त्रास देतो. ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो. तो माणसालाही घातक आहे. ज्या दिवशी बाथरूम घासलं असेल त्या दिवशी पक्ष्याची तिथली आंघोळ रद्द करा. फरशी भरपूर पाण्याने धुऊन वास पूर्ण गेल्याशिवाय त्याला आत नेऊ नका.

पाणी किती गरम हवं?

पक्ष्याच्या शरीराचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्त. त्यामुळे ‘याला थंडी वाजत असेल’ असं वाटून बरेच जण कढत पाणी वापरतात. ही चूक आहे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. उष्णता वाढली की ते चोच उघडून धापा टाकतात. गरम पाण्याने पिसांवरचं तेलही निघून जातं.

पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा किंचित कोमट असावं. मनगटाच्या आतल्या बाजूवर घेऊन बघा. ते ना गार लागलं पाहिजे ना गरम. आणखी एक गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला की बऱ्याच घरांत शॉवरचं पाणी अचानक तापतं किंवा गार होतं. म्हणून शॉवरखाली आधी तुमचा हात हवा, पक्षी नंतर.

साबण, शाम्पू, बेबी शाम्पूसुद्धा नको. साध्या पाण्यापलीकडे पक्ष्याला काहीच लागत नाही. साबणाने पिसांचं तेल जातं, पिसं पाणी शोषून घेतात आणि पक्षी गारठतो. शिवाय पिसांवर उरलेला साबण चोचीवाटे पोटातही जातो. पाण्याचा सोपा नियम असा की जे पाणी तुम्ही स्वतः प्याल तेच त्याच्यासाठी वापरा. आंघोळ करताना तो ते पिणारच आहे.

एकत्र शॉवर घ्यायचाच असेल तर कसा?

सगळ्यात महत्त्वाचा असतो क्रम. आधी पक्ष्याची आंघोळ, मग तुमची. पक्षी आत असेपर्यंत साबण, शाम्पू, फेसवॉश काहीही उघडायचं नाही. त्याचं झालं की त्याला बाहेर सुरक्षित जागी बसवा आणि मग तुमची आंघोळ करा. ‘एकत्र’ म्हणजे प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटांचं साध्या पाण्याचं सत्र, इतकंच.

आत नेण्याआधी हे बघून घ्या:

• बादली आणि टब रिकामे आहेत का? कमोडचं झाकण बंद आहे का? भिजलेल्या पक्ष्याला नीट उडता येत नाही. तो बादलीत पडला तर गुळगुळीत कडांमुळे वर चढू शकत नाही आणि काही मिनिटांत बुडू शकतो.

• खिडकीला जाळी आहे का? एक्झॉस्ट फॅनला आवरण आहे का? काचा काढलेली झडपांची खिडकी पक्ष्याला पळून जायला पुरेशी असते.

• त्याला बसायला खडबडीत दांडी आहे का? भिंतीला चिकटणारे शॉवर स्टँड मिळतात, पण त्यांचे रबरी कप ओल्या टाइलवरून सुटतात. पक्ष्याला बसवण्याआधी स्टँड हाताने दाबून आणि ओढून बघा.

• दार आतून लावलंय हे घरच्यांना माहीत आहे का? दार अचानक उघडलं तर पक्षी दारात चिरडण्याची भीती असते.

पाण्याची धार थेट अंगावर नको, चेहऱ्यावर तर नकोच. चोचीच्या वर असलेल्या नाकपुड्यांत पाणी गेलं तर पक्षी गुदमरतो. शॉवर भिंतीवर वळवा आणि उडणारे बारीक तुषार त्याच्यापर्यंत पोहोचू द्या. जवळ यायचं की लांब राहायचं, हे त्याला ठरवू द्या.

पहिल्याच दिवशी भिजवायची घाई करू नका. सुरुवातीला दोन-तीन दिवस नुसतं बाथरूममध्ये घेऊन बसा. मग दूरवर नळ सोडून आवाजाची सवय करा. त्यानंतर बोटांनी दोन-चार थेंब उडवा. काही पक्षी आठवड्यात रुळतात, काहींना महिने लागतात, काहींना शॉवर कधीच आवडत नाही. आवडत नसेल तर तो विषय तिथेच सोडा.

शॉवरच नसेल तर?

आपल्याकडे अनेक घरांत आंघोळ म्हणजे बादली आणि मग. तिथे मगने पक्ष्यावर पाणी ओतणं टाळा. त्यापेक्षा झाडांवर पाणी मारायची नवीन, स्वच्छ स्प्रे बाटली घ्या. त्यात आधी कीटकनाशक किंवा क्लीनर भरलेलं नसावं. तुषार पक्ष्याच्या डोक्यावरच्या हवेत उडवा, म्हणजे ते पावसासारखे खाली येतील.

लहान पक्ष्यांसाठी पसरट, जड ताटली आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरतं. बजरीगरसाठी तर कोथिंबिरीची किंवा पालकाची धुतलेली ओली जुडी पिंजऱ्यात टांगा. तो पानांत घुसून आंघोळ करेल आणि पानंही कुरतडेल.

आठवड्यातून दोन-तीन वेळा आंघोळ पुरेशी असते. उन्हाळ्यात जास्त चालते. आजारी पक्षी, पिसं न आलेली पिल्लं आणि घरी नुकताच आणलेला पक्षी यांना आंघोळ घालू नका.

त्याला मजा येतेय की तो घाबरलाय?

हे रीलमध्ये ओळखणं अवघड असतं, कारण पंख फडफडवणं दोन्हीकडे दिसतं. पक्षी खूश असेल तर पिसं फुगवतो, पंख अर्धवट पसरतो, डोकं खाली घालून पाण्याकडे वळतो आणि अंग झटकतो.

घाबरलेला पक्षी पिसं अंगाला घट्ट चिकटवून ताठ उभा राहतो, भिंतीकडे सरकतो किंवा तुमच्या मानेवर चढायला बघतो. चोच उघडून श्वास घेत असेल, श्वासासोबत शेपटी वर-खाली होत असेल तर लगेच थांबा. व्हिडिओ अर्धवट राहिला तरी चालेल.

आंघोळीनंतर सर्वाधिक चूक कुठे होते?

वाळवताना. भिजलेला पक्षी लवकर गारठतो म्हणून अनेक जण हेअर ड्रायर लावतात. काही ड्रायर आणि हीटरच्या आतल्या भागांना नॉन-स्टिक तव्यासारखा लेप असतो. तो लेप खूप तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. शिवाय गरम झोताने कातडी भाजते ती वेगळीच.

पक्ष्याला स्वतःच वाळू द्या. त्यासाठी आंघोळ सकाळी किंवा दुपारी घाला, म्हणजे संध्याकाळी थंडी पडेपर्यंत पिसं कोरडी होतात. फार तर मऊ पंचाने पाणी टिपून घ्या, चोळू नका. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे वाळायला वेळ लागतो. तेव्हा पाणी कमी वापरा.

आणि बाथरूमचं दार उघडण्याआधी खोलीतला सीलिंग फॅन बंद करा. ओला पक्षी घाबरून उडतो, त्याचा अंदाज चुकतो आणि फिरत्या पात्याला धडकतो. घरात पाळलेल्या पक्ष्यांसाठी हा अगदी नेहमीचा आणि सहज टाळता येणारा अपघात आहे.

माणसाला काही धोका आहे का?

पक्ष्याच्या विष्ठेतून काही आजार पसरू शकतात. त्यातला एक म्हणजे सिटॅकोसिस. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला अशी लक्षणं दिसू शकतात. म्हणून बाथरूममध्ये पडलेली विष्ठा ओली असतानाच धुऊन टाका, टूथब्रश पक्ष्याच्या जागेपासून लांब ठेवा आणि हात साबणाने धुवा. खोकला-ताप घेऊन डॉक्टरकडे गेलात तर घरात पक्षी आहे हे आवर्जून सांगा.

आणि आपल्या हिरव्या पोपटाचं काय?

गळ्याभोवती कंठ असलेला पोपट, पहाडी पोपट हे भारतीय पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. तुमच्याकडे असा पोपट असेल तर त्याला घाईने खिडकीतून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला बाहेर अन्न शोधता येत नाही. वनविभागाशी संपर्क साधा.

काही बिघडलं तर काय करायचं?

पक्षी आजारपण लपवतात. जंगलात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत येतो, म्हणून ही सवय. त्यामुळे तो मलूल दिसायला लागला की बराच उशीर झालेला असू शकतो. वायू किंवा वासाने त्रास होतोय अशी शंका आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, मग उबदार आणि शांत जागी ठेवून लगेच पशुवैद्याकडे घेऊन जा. त्याला ओवा-कापराची वाफ देणं, तोंडात काढा घालणं असे घरगुती उपाय करू नका.

कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारे सगळेच डॉक्टर पक्ष्यांवर उपचार करतात असं नाही. तुमच्या भागात कोण करतं ते आजच विचारून ठेवा आणि तो नंबर फोनमध्ये सेव्ह करा.